वाणाची वेल

“मुळासकट काढ गो जनी. अर्धी तुटली तर गौर रुसते.”

हा आवाज जनीच्या सासूचा. सासू जाऊन बरीच वर्षं झाली, पण भादवा लागला की पऱ्याच्या, वाडीखालच्या ओढ्याच्या, बाजूने हा आवाज येतो म्हणजे येतोच. तेव्हा जनी नवी नवरी होती. पोटरीभर चिखलात उभी, मुठीत तेरड्याचं ताट, आणि काठावर इरलं घेतलेली सासू, जिला पावसातसुद्धा ओवी सुचायची:

पऱ्याच्या गं काठावर
तेरडा फुलला लाल
ऊठ ऊठ गौराबाई
माझ्या घराला चाल

देशावर गौरीला मुखवटे असतात, उभ्या साच्यांवर साड्या असतात. पालीच्या आतल्या अंगाला, जनीच्या वाडीत, गौर म्हणजे तेरडा. तो मुळांसकट उपटायचा, मुळांची माती पऱ्याच्याच पाण्यात धुवायची, आणि ती ओली पांढरी मुळं म्हणजे गौरीचे पाय. प्रत्येक घराची जागा ठरलेली. जनीच्या घराची जागा पऱ्याच्या वळणावर, सातविणीच्या झाडाखाली. ती कोणाच्या सातबाऱ्यावर नव्हती, पण तिथल्या तेरड्याला दुसऱ्या घराने कधी हात लावला नाही. दुसऱ्याच्या जागेवरची गौर आणायची म्हणजे दुसऱ्याची पोर उचलून आणायची, असंच वाडी मानायची.

तर त्या जागेचं काय झालं, त्याची ही गोष्ट. आणि तिची सुरुवात, वाडीत अलीकडे सगळ्याच गोष्टींची होते तशी, एका लग्नापासून.

जनीच्या संदेशचं लग्न ठरलं तेव्हा वाडीने आधी विश्वासच ठेवला नाही. वाडीतली निम्मी पोरं चाळिशीला टेकलेली. मुलगी बघायला गेलं की मुलीची आई पहिला प्रश्न विचारायची, मुंबईत खोली आहे का. दुसरा प्रश्न काय असतो हे वाडीतल्या कोणालाच माहीत नव्हतं, कारण तिथपर्यंत कोणी पोचलं नव्हतं. संदेशचं पालीला मोबाईल दुरुस्तीचं दुकान. मुंबईत खोली सोडा, खुंटीसुद्धा नाही. आणि तरी विरारची मुलगी, बी.कॉम. झालेली, म्हणाली की मला गावातच राहायचंय, मला झाडं आवडतात. हे ऐकून वाडीतल्या बायकांनी मुलीला काही आजारबिजार तर नाही ना, याची अत्यंत आपुलकीने चौकशी केली.

आजार नव्हता. दर्शना आली. तिच्यामागून टेम्पो आला. टेम्पोतून कपाट उतरलं, शिलाई मशीन उतरलं, आणि शेवटी ड्रायव्हरच्या पायाशी जपून ठेवलेली एक काळी पिशवी उतरली. पिशवीत तकतकीत हिरव्या पानांची एक वेल आणि तिला बटणाएवढी दोन पिवळी फुलं.

“आई, ही माझ्या आईकडची,” दर्शना म्हणाली. “चौथ्या मजल्यावर ग्रिलमध्ये होती. किती खत घातलं तरी बिचारी वाढायचीच नाही.”

बिचारी हा शब्द वाचणाऱ्याने जरा लक्षात ठेवावा.

“छान आहे गो,” जनी म्हणाली.

त्या वर्षी जनीच्या घरात सगळंच छान होतं. कुळथाच्या पिठीत साखर पडली, ती छान होती. देवापुढची समई घासून जागेवर ठेवण्याऐवजी टीव्हीशेजारी शोभेला ठेवली, ती छान होती. जनीचा नवरा गंगाराम मुंबईच्या गोदीत जन्म काढून आलेला, तिथे कोणाचं ऐकून न घेणारा माणूस. तोही ताटातली गोड पिठी ओरपून “छान” म्हणायला शिकला. कारण शेजारच्या सुगंधाचं उदाहरण समोर होतं. सुगंधाची सून मिक्सर लावण्यावरून दोन शब्द झाले म्हणून माहेरी बोरिवलीला गेली होती, आणि जाताना मिक्सरही घेऊन गेली होती. सुगंधा अजून पाट्यावर वाटत होती.

दर्शनाने वेल खळ्याच्या, दारापुढच्या अंगणाच्या, कडेला तुळशीजवळ लावली. मग पाऊस सुरू झाला.

चौथ्या मजल्यावरच्या ग्रिलमध्ये जिला कधी वीतभर जमीन मिळाली नव्हती, तिला आता अख्खं कोकण मिळालं. गावी आलेल्या मुंबईकराला होतं तसंच तिला झालं: आधी लाजली, मग पाय पसरले, मग म्हणाली ही जागा आमचीच. कांड्या-कांड्याला मूळ फुटलं. श्रावणात ती तुळशीचा कट्टा चढली, गोकुळाष्टमीला ती हळदीच्या वाफ्यात शिरली. पातोळ्यांना हळदीची पानं हवी होती, तेव्हा जनीला हातात काठी घेऊन ती शोधायला जावं लागलं. अबोलीची चार झाडं होती, त्यांचं काय झालं ते कोणी विचारलं नाही.

“अगो, तुळस कुठाय?” गंगारामने एका सकाळी आंघोळ करून, ओल्या पंचाने, तांब्या हातात धरून विचारलं.

“हाय ती. आत.”

“आत म्हणजे कुठे?”

“पिवळ्याच्या आत. घाला पाणी अंदाजाने.”

गंगारामने अंदाजाने पाणी घातलं. ते सगळं वेलीला मिळालं.

“सांग तिला काहीतरी,” तो हळू आवाजात म्हणाला.

“तुम्ही सांगा.”

“मी सासरा. सासऱ्याने काय फुलापानांवर बोलायचं?”

“मग साखरेवर बोला.”

गंगाराम देवाला नमस्कार करायला आत गेला.

इतक्यात दर्शना बाहेर आली. रोज सकाळी पायरीवर बसून ती वेलीचे फोटो काढायची आणि विरारला पाठवायची. “आई म्हणते, तुमच्या हाताला गुण आहे,” ती सासूला सांगायची. जनी आपल्या हातांकडे बघायची. हात निर्दोष होते.

दिवाळसणाला दर्शना आणि संदेश विरारला गेले, तेव्हा जनीने डाव साधला. अनिलला बोलावलं. अनिल म्हणजे वाडीतला गवत कापायच्या मशिनवाला, आंब्याच्या बागा साफ करून देणारा. मशिनच्या आवाजात त्याला कोणाचं काही ऐकू यायचं नाही, आणि मशीन बंद असतानाही त्याने ती सवय सोडली नव्हती.

“काकी, पंधरा मिनिटांचं काम,” तो म्हणाला, आणि खरंच पंधरा मिनिटांत त्याने वेलीची कोशिंबीर केली. तुकडे खळ्यात उडाले, कुंपणाच्या गडग्यापलीकडे उडाले, गोठ्याच्या कौलांवर पडले. जनीला कित्येक महिन्यांनी तुळस दिसली, तिचे डोळे भरून आले. त्याच संध्याकाळी परतीचा पाऊस कोसळला. तुकड्यांना आणखी काय हवं होतं? पडेल तिथे प्रत्येकाने मूळ धरलं.

दर्शना परत आली ती खळ्याच्या तोंडाशीच थबकली. एक वेल सोडून गेलेली, आता गडग्यापासून गोठ्यापर्यंत कोवळी पोपटी पिल्लं.

“आई,” ती गहिवरून म्हणाली, “मी नसताना तुम्ही एवढी लावलीत?”

“छान दिसतंय ना?” जनी म्हणाली. दुसरा शब्द तिच्याकडे आता उरलाच नव्हता.

पण माणूस बोलू शकलं नाही की त्याचं डोकं जास्त चालतं. संक्रांत आली. नव्या सुनेचं पहिलं हळदीकुंकू. वाण काय द्यायचं? दर साल त्याच स्टीलच्या वाट्या, तेच प्लास्टिकचे डबे. वाडीतल्या प्रत्येक घरात प्रत्येक घराच्या वाट्या होत्या. चुलीपुढे लाकूड सारताना जनीच्या मनात लख्ख उजेड पडला.

“दर्शना, यंदा वाण म्हणून तुझ्या आईच्या वेलीचीच रोपं देऊया. करवंटीत लावून. प्रत्येकीच्या दारात तुझं माहेर.”

दर्शना उठली, पदर घेतला आणि सासूच्या पाया पडली. जनीने आशीर्वाद दिला. आशीर्वाद देताना तिने चुलीकडे तोंड फिरवलं. धूर फार होता म्हणे.

हिशेब सरळ होता. जितक्या सवाष्णी, तितकी वेल कमी. वेलीला हा हिशेब कोणी समजावून सांगितला नव्हता.

करवंट्यांना हळदीकुंकवाची बोटं लागली, प्रत्येकीत एक पिवळं फूल ताठ बसलं. बायका आल्या, अत्तर लावून घेतलं, तिळगूळ तोंडात टाकला आणि वाण ओटीत घेतलं. “अगो बाय, कित्ती गोड,” सुगंधा म्हणाली. “झाड देणारी सून बघितली नव्हती हो. आमची तर घेऊन गेली.” सगळ्या हसल्या. सुगंधाही हसली.

पण घरी गेल्यावर प्रत्येकीला आठवलं की जनीच्या तुळशीचं काय झालं होतं. आणि तिथून खरी अडचण सुरू झाली. वाण नाकारता येत नाही. परत देता येत नाही. उकिरड्यावर टाकावं, तर त्या सवाष्णीचं कुंकू उकिरड्यावर टाकल्यासारखं. मग अशा वस्तूचं काय करतात? जुना झालेला देवाचा फोटो, सुकलेला हार, फुटका शंख यांचं जे करतात तेच. वाहत्या पाण्यात सोडतात. सोडणं म्हणजे टाकणं नव्हे. त्याला हात जोडले की झालं.

त्या आठवड्यात वाडीतल्या बायकांना पऱ्याच्या पाण्याची एकाएकी फार काळजी वाटू लागली. जनी एका पहाटे टोपली घेऊन खाली उतरली. टोपलीत उरलेली वेल, सुनेला संशय नको म्हणून एक कोपरा सोडून बाकी खळ्यातून उपटलेली. माहेरची वस्तू, त्यात वाणातली. तीही उकिरड्यावर कशी टाकायची? वळणावर बघते तर सुगंधा उभी, पदराखाली काहीतरी गोल.

“काय गो सुगंधा, एवढ्या पहाटे?”

“पाणी बघायला आले. किती उरलंय ते.”

“उरलंय?”

“हाय घोटाभर. तुझ्या टोपलीत काय?”

“सुका पातेरा.”

“हिरवा पातेरा?”

“दव पडलंय ना त्याच्यावर.”

दोघी जरा वेळ पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या. पाणी काही बोलेना.

“वेल काय म्हणते तुझी?” जनीने विचारलं.

“मस्त. तुझी?”

“मस्त.”

“तू हो पुढे,” सुगंधा म्हणाली. “मी येते मागून.”

“नको, तूच हो पुढे. माझे गुडघे दुखतात.”

शेवटी दोघी एकमेकींकडे पाठ करून बसल्या. इकडे टोपली रिकामी झाली, तिकडे करवंटी तरंगली. दोघींनी हात जोडले आणि एकत्र वर आल्या, पाऊस यंदा कसा होईल यावर बोलत. टोपली घासताना जनीच्या ओठांवर आपसूक ओवी आली, सासूच्याच चालीवर, शब्द मात्र तिचे स्वतःचे:

पहिली माझी ओवी गं
पिवळ्या त्या फुलाला
जागा दिली वीतभर
गाव पुरेना त्याला

दर्शनाने आतून विचारलं, “काय गाताय आई?”

“देवाचं,” जनी म्हणाली.

पुन्हा पाऊस आला. खळ्यातली वेल आटोक्यात होती. दर्शनाने तिला आता दगडांचं कुंपण करून एका कोपऱ्यात ठेवलं होतं, कोणी न सांगता. जनीने ते बघितलं आणि नवल केलं, पण विचारलं नाही. उगाच विषय निघायचा.

आणि भादवा लागला. यंदा गौर पूर्वा नक्षत्रात येणार होती. नव्या सुनेचा पहिला ओवसा त्याच वर्षी होतो. आदल्या साली योग नव्हता, म्हणून दर्शनाचा राहिला होता. ओवसा म्हणजे सुपं भरून गौरीला ओवाळणं. वर्णन एवढंच. पण वाडीत तो झाला की सून त्या घराची झाली, तिची सुपं त्या घरच्या गौरीपुढे जन्मभर लागणार. तो होईपर्यंत ती पाहुणी, कितीही पिठी केली तरी. सुपं आणून झाली, धागा गुंडाळून झाला, विरारहून साडी आली. जनी महिनाभर अशी वावरत होती की गंगाराम म्हणाला, “लग्न आपलं परत लागतंय काय?”

गौर आणायच्या दिवशी दुपारी उघडीप मिळाली. बायका पऱ्यावर निघाल्या. वरच्या अंगाच्या घरांना आपापल्या जागी तेरडा मिळाला, जरा कमी, पण मिळाला. जनीची जागा सर्वांत खाली, वळणावर. पऱ्या तिथे वळतो आणि वाहून आणलेलं सगळं काठावर टाकतो.

त्याने प्रामाणिकपणे सगळं टाकलं होतं. सातविणीच्या खाली, जिथे दर भादव्यात तेरडा कमरेएवढा उभा असायचा, तिथे पिवळ्या फुलांची सतरंजी अंथरलेली. काठ नाही, दगड नाही, चिखल नाही. तेरड्याचा एक ठिपका नाही. वाडीतल्या प्रत्येक घरचं वाण भक्तिभावाने इथे येऊन पोचलं होतं.

मग एकीने सुरुवात केली.

“मुंबईचं झाड ते. त्याला काय कळतंय कोणाची जागा कुठली.”

“आम्ही म्हणतच होतो,” दुसरी म्हणाली. ती काय म्हणत होती ते कोणी ऐकलं नव्हतं.

“झाड राहू दे,” सुगंधा म्हणाली. “आणतात त्यांना तरी कळायला हवं. शहरातून उठायचं आणि आमच्या गौरीच्या डोक्यावर आणून लावायचं.”

जनीने सुगंधाकडे बघितलं. सुगंधाने पाण्याकडे. बाकीच्यांनीही पाण्याकडेच बघितलं. करवंट्यांचं सगळं ज्याला ठाऊक होतं, असं ते पाणीच एक तिथे होतं.

दर्शना नव्या साडीचा काठ हातात धरून उभी होती. “पण मी तर इकडे कधी लावलीच नाही,” ती म्हणाली. मग ती जनीच्या जवळ आली.

“आई, माझा ओवसा राहू दे यंदा. गौरच नाही तर ओवसा कसला. आणखी बोलणी नकोत तुम्हाला. मी जरा विरारला जाऊन येते.”

यातलं “येते” इतकं बारीक होतं की जनीला नुसतं “जाऊन” ऐकू आलं. बोरिवलीचा मिक्सर तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. आता बोलायला हवं होतं. तोंड उघडलं, तर जिभेवर तोच एक शब्द बसलेला, छान. तोंड तिने परत मिटलं आणि साडी खोचून चिखलात उतरली.

ती पिवळं ओढू लागली. जरा वेळाने शेजारी दुसरे दोन हात आले, बांगड्यांचे. दर्शना वेल गुंडाळत होती, सतरंजी गुंडाळावी तशी. एक हात, दोन हात, आणि तिसऱ्या हाताला खाली काहीतरी फिकं दिसलं. उजेड न मिळालेला, वाकून वाकून वाट काढत राहिलेला तेरडा. चार-पाच ताटं, बोरूएवढी बारीक. एकाला एकच फूल, तेही अर्धं उमललेलं.

“बिचारी,” दर्शना म्हणाली.

“मुळासकट काढ गो,” जनी म्हणाली, आणि आपल्याच तोंडून कोणाचा आवाज आला ते तिला कळलं.

दर्शनाने चिखलात बोटं रुतवली, हळूहळू, एकही मूळ तुटू न देता ताटं सोडवली, पाण्यात धरून धुतली. पांढरी, केसांसारखी मुळं. गौर हातात आली की उंबऱ्यापर्यंत कोणी बोलायचं नाही, असा वाडीचा रिवाज. तेव्हा ओवशाचं काय ठरलं, विरारचं काय ठरलं, हे विचारायची सोयच उरली नाही. दर्शना पुढे निघाली, मागे बायका, आणि त्यांच्याही मागे जनीचं न बोललेलं सगळं. चढणीवर जनी आडवाटेने पुढे झाली, कारण घरच्या बाईने आत उभं राहून गौरीला विचारायचं असतं.

ती उंबऱ्याच्या आत तांब्या घेऊन उभी राहिली. मागे गणपतीपुढे गंगाराम आणि संदेश. दारात दर्शना, मांडीपर्यंत चिखल, हातात ती किरकोळ गौर.

“कोण आली?” जनीने विचारलं.

“गौर आली,” बायका म्हणाल्या.

“कुठून आली?”

“पऱ्यावरून आली.”

“काय घेऊन आली?”

याचं उत्तर आणणारीने द्यायचं. हळदकुंकू घेऊन आली, धनधान्य घेऊन आली, असं काय काय. दर्शनाचे ओठ हलले, आवाज आला नाही. सुगंधा खोकली. कोणीतरी मागून हळूच म्हणालं, “पिवळं घेऊन आली,” आणि एक बारीक हसू दारापर्यंत आलं.

जनीने तांब्या खाली ठेवला.

“थांबा. तिला काय विचारताय, मी सांगते. दर्शना, ती तुझ्या आईची वेल मला नको होती. टेम्पोतून उतरली तेव्हापासून नको होती. छान म्हणत होते ते खोटं. वाण म्हणून वाटली ती घरातून जावी म्हणून. आणि पऱ्यात सोडली ती मी, भरली टोपली. आणि एकट्या माझ्या टोपलीने एवढा काठ भरत नाही.”

दारात उभ्या असलेल्या बायकांना एकाच वेळी पन्हळीकडे बघावंसं वाटलं.

“अगो, गौर दारात हाय,” सुगंधा पुटपुटली. “आता कशाला ते.”

“तिच्यासमोरच बोलते. जागा तिची गेली.” जनी परत सुनेकडे वळली. तिचा आवाज आता तेवढा ठाम नव्हता. “तुम्ही दोघी एका टेम्पोतून उतरलात गो. एकीला नको म्हटलं तर दुसरी पण परत चढेल, असं वाटलं मला. म्हणून गप्प बसले. वेल नको होती. तू हवी होतीस. अजून हवीस.”

दर्शनाने गौरीची ताटं छातीशी जरा वर घेतली. मुळांचं पाणी तिच्या नव्या साडीवर टपटपत होतं.

“आई,” मग ती म्हणाली, “आणि पिठीतली साखर?”

आत गंगाराम श्वास रोखून उभा होता.

“ती पण नको होती,” जनी म्हणाली.